झोपेतलं हौ

आनंदराव ढोक्यांचा अंकुश नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत कुत्रे सांभाळतो, ही बातमी काटोलच्या आसपासच्या गावांत पसरली होती आणि ती पसरवणारं दुसरं कोणी नव्हतं, त्याची सख्खी आई होती.

तुळसाबाईंना मी दोष देत नाही. त्यांनी सरळ विचारलं होतं, "बापू, तू त्या कंपनीत करतं तरी काय?" लॅपटॉपमधून मान वर न काढता अंकुश म्हणाला होता, "वॉचडॉग." म्हणजे काय, तर राखणीचा कुत्रा. मग तू काय करतं त्या कुत्र्याचं, तर त्याला वेळेवर खाऊ घालायची सोय करतो. एवढ्यावरून कुठलीही आई जे समजेल तेच त्या समजल्या. त्यानंतर अंकुशला जी स्थळं आली ती चहा पिऊन परत गेली. एका मुलीच्या मामाने तर जाता जाता काळजीने विचारलं म्हणे की, पोराने इंजेक्शनं घेतली आहेत ना.

मी अंकुशच्या शेजारच्या टेबलावर बसते. माझं नाव उत्तरा, आणि अंकुशने लिहिलेलं मोडून दाखवायचं यासाठी कंपनी मला पगार देते. त्यामुळे त्याच्याविषयी चांगलं बोलायची मला सवय नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कुठे तरी ते बोलावं लागणार आहे.

आमची कंपनी लहान आहे. दूध थंड करायच्या टाक्या, संत्री ठेवायच्या थंड खोल्या, अशा ठिकाणी भिंतीवर जो एक डबा असतो आणि तापमान बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करतो, तो डबा आम्ही बनवतो. त्या डब्याजवळ चोवीस तास कोणी माणूस बसलेला नसतो. आतला प्रोग्राम कधी अडकला, जसा आपला मोबाइल अडकतो तसा, तर बटण दाबायला कोणी नाही. खोली तापत जाते आणि सकाळी दार उघडल्यावर नुसता वास येतो. म्हणून त्या बोर्डवर एक छोटंसं वेगळं घड्याळ बसवलेलं असतं. त्याचा कोणावरही विश्वास नसतो. ठरावीक वेळाच्या आत कोणी तरी त्याला "आहे, मी आहे" असं कळवावं लागतं. नाही कळवलं, तर ते चौकशी करत बसत नाही. सगळं बंद करून पहिल्यापासून चालू करतं. त्यालाच वॉचडॉग म्हणतात, आणि ती हजेरी म्हणजे त्याचं खाणं. माझ्या सासूबाईंची अशी एक हाक असायची. तिला ओ दिली नाही की त्या स्वयंपाकघरात येऊन गॅसच बंद करायच्या.

आता वरच्या प्रोग्रामला त्या घड्याळाशी थेट बोलता येत नाही. मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, आणि त्या कर्नलमध्ये निरोप पोचवणारा एक तुकडा लागतो. तो ड्रायव्हर. तो अंकुश लिहितो. इतर मुलं मोबाइलचं ॲप बनवतात आणि लग्नकार्यात नातेवाइकांना दाखवतात. अंकुशचं काम नीट चाललं तर ते कोणाला कधीच दिसत नाही, आणि दिसलं तर समजावं की काही तरी जळालं. असल्या कामावर त्याचा इतका जीव होता की, संत्र्याच्या दिवसांत घरून आणलेली पिशवी तो टेबलाखाली ठेवायचा, एका हाताने संत्रं सोलायचा, दुसऱ्या हाताने टाइप करायचा आणि सालं माझ्या कपात टाकायचा. कपात चहा आहे की नाही हे तो बघत नसे.

त्याचं एक आवडतं वाक्य होतं. चहाच्या टपरीवर कोणी नवा मुलगा भेटला की त्याला ते ऐकवलंच जायचं. "जागं असणं वेगळं अन् जिवंत असणं वेगळं. कुत्र्यानं जागेपणाले भुलू नये." हे बोलताना तो छाती जरा पुढे काढायचा. आमचा पियुष, जो बोर्ड बनवतो, तो मग हळूच म्हणायचा, "नावच अंकुश आहे ना बे त्याचं."

आणि हे वाक्य बोलणाऱ्या माणसाला एक खोड होती. ती होती हौ.

नागपूरबाहेरच्यांना वाटतं की हौ म्हणजे हो. तसं काही नाही. हौ म्हणजे हो, हौ म्हणजे बरं, हौ म्हणजे माहीत आहे मला, पुढे बोल, हौ म्हणजे आता पुरे कर, आणि जरा लांबवून म्हटलं तर हौ म्हणजे तू मला वेडा समजतो का. आम्ही ते सूर जन्मापासून ओळखतो. पण अंकुशकडे या सगळ्यांपलीकडचं एक हौ होतं. तो कामात असताना ते निघायचं आणि ते डोक्याला न विचारता परस्पर घशातून यायचं. सूर अगदी खरा, वेळ अगदी बरोबर. फक्त आत माणूस नसायचा.

आम्ही त्याची खूप मजा केली. पियुष म्हणायचा, "अंकुश, तुह्या गाडीले आग लागली बे." अंकुश म्हणायचा, "हौ." "विझवू काय?" "हौ, थांब दोन मिनिटं." प्रताप नगरात तो दुसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहतो. तिथल्या घरमालकीण शोभाताईंनी एकदा दारातून विचारलं की, तुमच्या खोलीत पाहुण्यांच्या गाद्या ठेवू का. हा हौ म्हणाला. बाथरूमला जायला उठला तेव्हा याला दार सापडेना.

तरी त्याचं बरं चाललं होतं, कारण घरच्यांचे फोन असेच असतात. जेवला का, हौ. गाडी हळू चालव, हौ. मामाला फोन कर, हौ. तुळसाबाई समाधानाने फोन ठेवायच्या. पोरगा आहे, एवढं त्यांना कळायचं.

मग दामिनीचं स्थळ आलं.

दामिनी काटोलची. बसस्टँडजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासते, त्याचं रीतसर शिक्षण घेतलेली. घरी ती आणि तिची आई प्रयागबाई, दोघीच. कुत्र्यांची बातमी तिच्यापर्यंतही पोचली होती. पण तिने मामालोकांना मध्ये न घालता अंकुशलाच विचारलं की हे नेमकं काय आहे, आणि त्याने सांगितलेलं तिला कळलं. सोमवारी अंकुश ऑफिसात आला तो मुळी वेगळाच. मी न विचारता म्हणाला, "उत्तराताई, तिनं विचारलं, कुत्राच अडकला तर त्याले कोण उठवते. आजवर कोणीच नाही विचारलं हे मले." आणि सोललेलं संत्रं त्याने स्वतःच्या हाताने माझ्या टेबलावर ठेवलं. सालं कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला तेव्हाच समजलं की प्रकरण साधं नाही.

दामिनीने लगेच होकार दिला नव्हता. थोडे दिवस फोनवर बोलू, मग सांगते, असं म्हणाली होती. यात चुकीचं काहीच नव्हतं. चूक एवढीच झाली की एकदा तिने दुपारी फोन केला.

त्या दुपारी मी अंकुशचा नवा ड्रायव्हर मारायला बसले होते. नव्या बोर्डवरचं घड्याळ फार उतावीळ होतं. वरचा प्रोग्राम त्या मानाने संथ. म्हणून अंकुशने सोय केली होती की, प्रोग्रामची हजेरी येईपर्यंत मधल्या वेळात ड्रायव्हरनेच घड्याळाला "आहे" म्हणत राहायचं. असं करतात, त्यात गैर नाही. पण मग प्रोग्राम शेवटचा कधी बोलला ते ड्रायव्हरने लक्षात ठेवावं लागतं, आणि फारच उशीर झाला तर आपणही गप्प बसावं लागतं. ती अट अंकुशने लिहिलीसुद्धा होती. फक्त तपासायची जागा चुकली होती.

मी प्रोग्राम गोठवला. आता बोर्ड स्वतः बंद होऊन पुन्हा चालू व्हायला हवा होता. मी वाट पाहिली. तापमानाचा सेन्सर मुठीत धरून बसले. पडद्यावरचा आकडा तसाच, गारेगार. माझ्या मुठीला घाम आला, आकडा हलेना, आणि बोर्डवरचा हिरवा दिवा मात्र मजेत लुकलुकत होता.

"अंकुश," मी म्हटलं, "तुझा कुत्रा मेलेल्या घरात बसून जेवून राहिला."

तो खुर्चीसकट माझ्या टेबलाशी आला. "असं होऊच शकत नाही." मी त्याला मूठ दाखवली. त्याने सेन्सर स्वतःच्या मुठीत घेतला. आकडा गार. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता आणि मला त्याचा फार आनंद होत होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तो खांद्यात आणि कानात धरला आणि आपलाच ड्रायव्हर उघडून वाचायला लागला.

मला फक्त अलीकडची बाजू ऐकू येत होती.

"हौ," अंकुश म्हणाला. डोळे पडद्यावर. मग बराच वेळ काही नाही. मग, "हौ." मग जरा थांबून, मनापासून वाटावं असं, "हौ, हौ. चालते ना." मग पुन्हा, "हौ. चालते ना." मग, "ऐकून राहिलो ना."

आणि मग तो वाचायचा थांबला.

"म्हणजे," तो म्हणाला. "ते... तुम्ही म्हटलं ना... तुमच्या..." त्याने माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत पुढच्या बाकावरच्याकडे पाहावं तसं. मी काय सांगणार होते. फोन बंद झाला.

फोन हातात धरून तो म्हणाला, "उत्तराताई, ती काय बोलली असन?"

मी हसले. खुर्चीला धरून हसले. मग त्याच्याकडे नीट पाहिलं आणि माझं हसू आटलं. हा मुलगा त्या मुलीवर जीव लावून बसला होता आणि तिच्याशी बोलताना तो तिथे नव्हता. मला त्याचा राग आला. इतका की समोरचा बोर्ड उचलून त्याला मारावा. मग त्याचा चेहरा पाहवेना, म्हणून मी पाणी आणायला उठले.

त्याने परत फोन लावला, तिने घेतला नाही. संध्याकाळी तुळसाबाईंचा आला. त्या इतक्या मोठ्याने बोलत होत्या की मला कान द्यावा लागला नाही.

"पोरीनं नाही म्हणून सांगितलं गा. काहून म्हणून विचारलं, त म्हणे फोनवर पोरगा होताच नाही. अंकुश, तू काहून नाही होता गा फोनवर?"

या प्रश्नाला अंकुशजवळ हौ नव्हतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ड्रायव्हरची चूक दुरुस्त करणं सोपं होतं, अट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर न्यायची होती. पण तो ती फाइल उघडायचा आणि नुसता बघत बसायचा. एकदा म्हणाला, "अट बदलवून काय होते? आज जागा बदलवली, उद्या दुसरीकडून चुकन. मूळ सवालच चूक आहे. 'आहे काय' विचारलं त कोणीही म्हणते आहे." पियुषने आगीची चेष्टा करून पाहिली. अंकुश उठून खाली गाडी बघून आला. आम्हालाच कसंसं झालं.

शुक्रवारी तो माझ्या टेबलाशी घुटमळला. "उत्तराताई, तुमचे डोळे दुखतात ना आजकाल?"

"माझे? नाही बाबा."

"दुखतात म्हणा ना."

असे माझे डोळे दुखायला लागले आणि शनिवारी आम्ही काटोलच्या एसटीत बसलो. बाजाराचा दिवस, बस गच्च भरलेली. अंकुश खिडकीशी बसून ओठ हलवत होता. काय बोलायचं ते पाठ करत होता. माफी मागतो, कामात होतो, पुन्हा होणार नाही. मी विचारलं, "पण ती काय बोलली होती, ते आठवलं का?" त्याने मान हलवली. नाही म्हणून. ते सोडून बाकी सगळं पाठ झालं होतं.

दुकान लांबट होतं. पुढे चष्म्यांच्या काड्या, मागे एक बाक, आणि बाकासमोर अर्धवट सरकवलेल्या पडद्यापलीकडे तपासायची खुर्ची. पांढऱ्या कोटातली दामिनी एका म्हाताऱ्यासमोर उभी होती. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं. ओळखलं. चेहऱ्यावर काही नाही. या ताईचे डोळे दुखतात, असं अंकुशने कसंबसं सांगितलं. "बसा, वेळ लागन," म्हणाली आणि पुन्हा म्हाताऱ्याकडे वळली. मी मनात म्हटलं, पोरगी कामाची आहे.

म्हाताऱ्याचं नाव रुपराव. हातात काठी, पायाशी भाजीची पिशवी, आणि इथे आल्याचा राग तोंडावर. "मले दिसते सगळं," ते म्हणाले. "पोराच्या मनासाठी आलो."

"हौ का," दामिनी म्हणाली. "मंग समोरच्या तक्त्यावरची खालची ओळ वाचून दाखवा बरं, बाबाजी."

रुपरावांनी ताठ बसून एका दमात म्हणून दाखवलं, "ट, ग, म, र, क."

"हे मांगच्या बारीचं आहे," दामिनी म्हणाली. "पाठ केलं तुम्ही. मी तक्ता बदलवला."

रुपरावांनी काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी मान पुढे काढून, डोळे बारीक करून तक्त्याकडे पाहिलं आणि पडल्या आवाजात म्हणाले, "भिंतच दिसते वं पोरी."

दामिनी हसली नाही. तिने त्यांच्या नाकावर ती जड गोल फ्रेम बसवली आणि एकेक भिंग घालत गेली. दर वेळी दिसतं का असं तिने एकदाही विचारलं नाही. प्रत्येक वेळी, "वाचा."

माझ्या शेजारी काही तरी झालं. अंकुश बाकाच्या कडेवर आला होता. "तक्ता बदलवला," तो पुटपुटला. "सवाल दर वेळी नवा. अन् वाचल्याशिवाय जवाबच नाही देता येत." त्याचे डोळे मला चांगलेच ओळखीचे झाले होते. तो पडद्यामागच्या मुलीकडे बघत नव्हता. त्याला बोर्ड दिसत होता.

पुढच्याच आठवड्यात त्याने सगळा ड्रायव्हर नव्याने बांधला, तो या तक्त्यावरून. नव्या घड्याळात ती सोय होतीच, आम्ही वापरत नव्हतो. घड्याळ दर वेळी एक वेगळा आकडा पुढे करतं. प्रोग्रामने सेन्सर खरोखर वाचला, हिशेब खरोखर केला, तरच त्या आकड्याचं बरोबर उत्तर तयार होतं. मधल्या ड्रायव्हरला ते उत्तर माहीतच नसतं, तो फक्त नेऊन देतो, त्यामुळे झोपेत हौ म्हणायची त्याची सोयच गेली. तो ड्रायव्हर मी अजून मारू शकलेले नाही. हे मी इथे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नये.

पण त्या शनिवारी, बाकावर, मी त्याच्याजवळ सरकले. कारण अंकुशने खिशातून फोन काढला होता आणि त्यावर काही तरी टिपायला सुरुवात केली होती.

पडद्यामागून दामिनी म्हणाली, "पुढचं कोण?"

"हौ," अंकुश म्हणाला. मान खाली.

मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि कोपराने असा ढोसला की रुपरावांनीही वळून पाहिलं. अंकुश जागा झाला. इकडेतिकडे पाहून उभा राहिला आणि आत गेला. माझे डोळे बाहेरच राहिले.

पडदा अर्धाच होता आणि मी मुळीच दुसरीकडे पाहिलं नाही. रुपरावही चष्म्याची काडी निवडायचं सोडून माझ्या शेजारी येऊन बसले.

दामिनीने त्याला बसवलं, फ्रेम नाकावर ठेवली आणि म्हणाली, "वाचा." त्याने वाचलं. वरची मोठी अक्षरं, मधली, मग शेवटच्या ओळीवर थांबला.

"दिसत नाही," तो म्हणाला.

"अंदाजानं सांगा."

"नाही. नाही दिसत त नाही दिसत."

तिने भिंग बदललं. त्याने ओळ वाचली. ती भिंगांच्या पेटीत दुसरं शोधत राहिली. अंकुशने घसा साफ केला. बसमध्ये पाठ केलेलं आता बाहेर येणार, असं मला वाटलं.

"त्या दिवशी तुम्ही फोनवर काय बोलले, मले मालूम नाही," तो म्हणाला. "मी ऐकलंच नाही. तोंडानं हौ म्हणून राहिलो होतो. मी तिथे नव्हतो. तुम्ही बरोबर सांगितलं घरी."

दामिनीचा हात पेटीत तसाच राहिला.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली, "का लग्नानंतर माही आई माह्याजवळ राहीन, चालन का. याच्या आधी दोघायले विचारलं होतं. एक हासला. एक म्हणे, पाहू. तुम्ही लगेच हौ म्हटलं. मले इतकं बरं वाटलं, का समोर आई बसली होती, तिच्याकडे पाहून मी मान हलवली. तिनं पदर डोळ्याले लावला." ती अंकुशकडे वळली. "मंग मले वाटलं, इतकं सोपं कसं. म्हणून मी म्हटलं, आमची म्हैस पण येईन नागपूरले. तुम्ही म्हणे, हौ, चालते ना."

रुपराव माझ्या कानाशी म्हणाले, "म्हैस?" मी त्यांना गप्प बसायची खूण केली. मला हसू येत नव्हतं. प्रयागबाईंचा तो पदर मला दिसत होता, आणि दामिनीला नंतर आईला काय सांगावं लागलं असेल ते. मी बाकावर बसून देवाला एवढंच मागितलं की, या मुलाने आता हौ म्हणू नये.

अंकुश खुर्चीत ताठ झाला. त्या गोल फ्रेमआड त्याचे डोळे मोठे दिसत होते.

"माही खोली दुसऱ्या माळ्यावर आहे," तो म्हणाला. "आईले जिना चढता येते का?"

"गुडघे दुखतात तिचे."

"मंग ती खोली नाही चालणार. खालचं घर पाहा लागन. प्रताप नगरात भेटते खालचं, पण आंगण नसते. त्यायले आंगण लागते का?"

"तुळशीपुरतं," दामिनी म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा झाला होता.

"अन् तुम्ही काटोलले रोज येणं-जाणं करान, का नागपुरात काम पाहान? इथून बसनं यायचं त सकाळी आई एकटी राहीन. शोभाताईच्या शेजारी पाहिलं त बरं होईन, त्या दिवसातून दहादा दार वाजवतात." मग त्याला आठवलं. "अन् म्हैस? म्हशीचं काय करायचं?"

"म्हैस नाहीच आहे आमच्याकडे."

"हौ का," तो म्हणाला, आणि या हौमध्ये माणूस होता. मी नागपूरची आहे, मला सूर कळतो.

दामिनीने पेटीतून भिंग काढलं, पुसलं आणि पुन्हा पेटीत ठेवलं. अंकुश खुर्चीच्या हातांना धरून बसला होता.

"मंग मी घरी सांगू का?" त्याने विचारलं.

"हौ," दामिनी म्हणाली.

आता कुठलाही माणूस इथे उठला असता. अंकुश उठला नाही. नाकावरची फ्रेम सावरत त्याने तिच्याकडे मान वळवली.

"ऐकून म्हटलं ना?"

दामिनी पहिल्यांदा हसली. "तुम्ही विचारलं, घरी सांगू का. मी म्हटलं, सांगा. आता ती फ्रेम काढा, दुकानाची आहे. अन् बाहेर तुमच्या ताईचे डोळे दुखून राहिले म्हणे, त्यायले आत पाठवा."

रुपरावांनी काठीवर भार देऊन माझ्याकडे झुकून विचारलं, "काय झालं वं? पोराले नंबर लागला का?"

"लागला," मी म्हटलं, आणि डोळे तपासायला आत गेले.